या शहरात म्हातारे नसतात

फाहाहीलच्या आमच्या इमारतीत
सहा मजले, अठ्ठेचाळीस खोल्या
आणि म्हातारा एकही नाही.
इथल्यांचे आहेत, त्यांच्या त्यांच्या दिवाणियात,
तस्बीह फिरवत नातवांवर खेकसतात.
आमचं तसं नसतं. पांढरे दिसले की
गुरुवारी रात्री मेंदी नाहीतर डाय,
आणि साठी आली की कंपनीकडून एक घड्याळ
आणि एकेरी तिकीट.

म्हणून डंकनने जाताना दिलेला डबा
वर्षभर कपाटावरच राहिला.
कंट्रोल रूमचा डंकन, ग्लासगोचा,
उन्हात उकडलेल्या कुर्लीसारखा लाल व्हायचा.
म्हणाला होता, आमच्याकडच्या दोन म्हाताऱ्यांची मालिका आहे,
तुम्हा दोघांना बघून आठवली.
आम्हाला राग आला होता.

पहिली डिस्क लावली तेव्हा शब्द कळेना.
सव्वीस वर्षं परमिट भरून भरून
कमावलेलं माझं इंग्रजी पाचव्या मिनिटाला गळपटलं.
मग एकाने दुसऱ्याला काहीतरी भयंकर हासडलं
आणि दुसऱ्याने मुकाट उठून
त्याच्यासाठी किटली ठेवली.
याकूब पेवेकर म्हणाला,
'परुळेकर, हे इंग्रज नव्हेत रे, हे तुमच्या वेंगुर्ल्याचे.'
खरंच. 'मेल्या' म्हटल्याशिवाय
ज्यांना 'बस' म्हणता येत नाही, तसले.

तेव्हापासून दर गुरुवारी.
ते बिअरचा ग्लास उचलत, आम्ही लबनचा.
त्यांची लिफ्ट बंद, आमची लिफ्ट बंद.
त्यांना थंडीने हुडहुडी, आमचा एसी
पन्नास डिग्रीत नुसता घरघरणारा.
गुडघे मात्र चौघांचे सारखेच.

आणि काय काय करतात मेले!
ओळख ना पाळख, कुणाच्याही मयताला जातात
सँडविचसाठी,
हिटरच्या मीटरला चकवतात,
पोरासोरांच्या खोड्या काढून
कानाचं मशीन बंद करून बसतात.
साठी बुद्धी नाठी म्हणतात ना,
इथे नाठी नाही, मोकाट.
'आता हरी हरी करा' असं त्यांना कुणी म्हणत नाही,
म्हटलं तर ऐकू येत नाही.

एका भागात एकाला त्याची गेलेली बायको आठवते.
मागचं हसणं बंद होतं. थोडा वेळच.
याकूब चहा टाकायला उठला.
चहा त्याच्या हातातच होता.

जूनमध्ये त्याचा पासपोर्ट ऑफिसातून परत आला.
शेवटच्या गुरुवारी, रात्री साडेअकराला,
बॅगा बांधायला दोरी आणायला म्हणून
जमियात गेलो, आणि पार्किंगमध्ये
ट्रॉल्यांची रांग दिसली.
कुणी सुचवलं ते आता दोघेही नाकारतो.
सिल्हेटच्या रफीकुलने, ट्रॉल्या गोळा करणाऱ्या,
आधी तोंडाला हात लावला,
मग रुमाल वर धरला.
एक, दोन...
मी ढकलतोय, याकूब आत, पाय बाहेर,
तिसऱ्या खांबापर्यंत सरळ,
मग डावीकडचं चाक अडलं.

माझा गुडघा सोलला, त्याचा चष्मा गेला.
डांबर दिवसभराचं तापलेलं,
त्यावर बसून आम्ही हसत होतो,
रफीकुल दोरी शोधत होता,
आणि एक बुरखेवाली बाई मुलाला सांगत होती
काहीतरी, बहुतेक 'बघू नकोस' असं.

आता तो पेव्याला. तीन सुना आहेत,
चहात साखर किती ते एकीलाही माहीत नाही.
माझं दीड वर्ष बाकी.
डबा आम्ही वाटून घेतला:
एक, तीन, पाच त्याच्याकडे,
दोन, चार, सहा माझ्याकडे.
वेंगुर्ला ते पेवे एस्टीने दिवस मोडतो.
फोनवर विचारतो, 'म्हातारा झालास का रे?'
मी म्हणतो, थांबलोय.
पाचवी आमची बघायची राहिली.
सहावी कपाटावर आहे.
लावत नाही.